बोअरात सोडलेला कान

सिरसाळ्याच्या बाजारात सिद्धलिंगआप्पाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. हात चांगला होता, पण जीभ हाताच्या पुढं पळायची. शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात तो शेजारच्या वाडीला दूध सोसायटीचा रेडिओ पोचवायला गेला, तेव्हा तिथं बैठक चांगलीच तापली होती. सोसायटीचा बोअर आटला होता. जनावरांचा हौद त्याच्यावरच भरायचा. मोटर वर काढून ठेवली होती. निम्मे म्हणत होते, बोअर मारायची गाडी बोलवून तो अजून खोल करा; निम्मे म्हणत होते, खाली झरा जिता आहे, जरा दम धरा. चेअरमन अर्जुनराव दोन्हीकडं मान डोलवत होते. पावसाळ्यापर्यंत शिवारात कोणी बोअरचं पाणी पिकाला द्यायचं नाही, हा ठराव त्यांनीच मांडला होता, त्यामुळं त्यांच्या शब्दाला वजन होतं.

सिद्धलिंगआप्पाला राहवलं नाही. झरा असेल तर ठिबकेल, ठिबकेल तर आवाज होईल, आणि आवाज असेल तर मी तो ऐकवतो, असं तो बोलून गेला. सेक्रेटरी धोंडीरामाला भांडणातून सुटका हवीच होती. त्यानं गाडीचा विषय तिथंच थांबवला आणि चहा सांगितला.

घरी दानम्मानं भाकरी थापता थापता विचारलं, असलं यंत्र मिळतं कुठं? मिळत नाही, बनवायचं, असं म्हणत आप्पा माळ्यावर चढला.

माळ्यावर मेलेल्या रेडिओ-ग्रामोफोनांची रास होती. त्यातल्या एका फुटक्या ग्रामोफोनच्या सुईच्या डोक्यातून त्यानं स्फटिकाची चकती काढली. ही चकती आवाजानं थरथरली की नखभर वीज देते. तो झाला माईक. पण ती वीज इतकी अशक्त, की हेडफोनपर्यंत जायचं तर आधी कोणीतरी तिला बळ द्यावं लागतं. ते काम प्रीॲम्पचं. आप्पानं दोन रेडिओंतून धडके ट्रान्झिस्टर उपटले, तिसऱ्यातून बाकीचं किडूकमिडूक घेतलं आणि पुठ्ठ्याच्या पट्टीवर कथलाचे डाग देऊन सगळं जोडलं. चकतीजवळ काडेपेटी हलवली तर कानात धोंडे गडगडले. आप्पा खूष.

मग त्यानं चकती आणि प्रीॲम्प यांच्यामध्ये बोअरला पुरेल एवढी लांब वायर घातली, आणि सगळा खेळ बसला. धोंडे गेले, नुसती खरखर राहिली. त्यानं डाग तपासले, सेल बदलले, एक ट्रान्झिस्टरही बदलला. खरखर तशीच. तो कपाळाला हात लावून बसला, तेव्हा दानम्मानं काय झालं ते विचारून घेतलं. आवाज बारीक आहे, एवढ्या लांब वायरीत वाटेतच मरतो, असं त्यानं सांगितलं.

“मग त्याला तेवढं चालायला लावता कावून?” ती म्हणाली. “तुमचं यंत्रच खाली जाऊ द्या की.”

आप्पा तिच्याकडं बघतच राहिला. आवाज तळाशीच मोठा केला, तर वर येताना तो कशाला मरेल? त्यानं पत्र्याच्या लांब टॉर्चमधून बल्ब काढला, सेलांच्या पुढं प्रीॲम्पची पट्टी सरकवली, तोंडाशी चकती बसवली आणि सायकलच्या ट्यूबचं रबर ताणून मेणानं सगळं बंद केलं. टॉर्चचं अंग सेलच्या एका टोकाला जोडल्याबरोबर घरातल्या विजेच्या तारांमुळं हेडफोनात येणारी घूं घूंदेखील गप्प झाली. बादलीत टॉर्च बुडवून वरून एकच थेंब सोडला. दानम्मानं हेडफोन लावला होता. थेंब पडला तशी ती दचकली आणि मग हसतच सुटली.

दुसऱ्या दिवशी वाडीत बोअरभोवती ही गर्दी. आप्पानं दोरीला टॉर्च बांधून हळूहळू खाली सोडला. तळाजवळ गेल्यावर हेडफोन लावला आणि त्याचा चेहरा पडला. नुसती घूं घूं. विजेची घूं घूं तर टॉर्चच्या पत्र्यानं अडवली होती, मग ही कुठली? त्यानं टॉर्च वर काढला: शांत. खाली सोडला: परत घूं घूं. धोंडीरामानं ऐकून सांगितलं की टॉर्चात गांधीलमाशी गेली असावी. लोक हसले. अर्जुनराव म्हणाले, प्रयत्न केला हे काय कमी आहे, आता गाडीच बोलवू. आप्पानं टॉर्च वर ओढायला दोरीला हात घातला.

एवढ्यात अर्जुनरावांची बायको केशरबाई दुधाची कासंडी घेऊन डेअरीवर आली. काय ऐकताय ते मलाही ऐकू द्या, म्हणाली. पदरावरून हेडफोन लावून ती उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. तिनं हेडफोन काढून आप्पाच्या हातात दिला.

“ही आमची मोटर हाय,” ती म्हणाली. “मदीच खोकल्यावानी करती. रोज चुलीपशी बसून ऐकती मी.”

कासंडी तिथंच ठेवून ती घराकडं चालू लागली. अर्जुनराव पायातल्या चपलेकडं बघत राहिले. गोठ्यामागच्या त्यांच्या बोअरला कुलूप आहे, असंच सगळे धरून चालले होते.

आप्पा हेडफोन लावून बसला. घूं घूं चालूच होती. मग एकदम थांबली, जशी कोणी मान धरून थांबवावी. नंतर बराच वेळ काहीच नाही. आणि मग टप्. पुन्हा शांतता. पुन्हा टप्.

त्यानं आधी धोंडीरामाला ऐकवलं, मग एकेकाला. सगळ्यांत शेवटी उठून तो अर्जुनरावांकडं गेला. का गेला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. एवढा मोठा माणूस एकटा उभा आहे, हे त्याला बघवेना. अर्जुनरावांनी हेडफोन कानाला धरला. बराच वेळ धरला.

“लई बारीक हाय,” ते म्हणाले. मग घसा साफ करून सगळ्यांकडं वळले. “मोसंबी वाळायला लागलती. ठराव मीच केलता आन् मीच मोडला. चुकलं.”

एक म्हातारा म्हणाला की चुकलं तर पाइप आणा. केशरबाई तोवर परत आली होती. ती म्हणाली, पाइप गोठ्यात गुंडाळून पडलाय, हौदापर्यंत पुरतो. संध्याकाळी अर्जुनरावांच्या बोअरचं पाणी हौदात पडू लागलं. पाइप त्यांनी स्वतः खांद्यावरून ओढत आणला. निम्मी बाग त्या उन्हाळ्यात गेली. चेअरमनकी मात्र राहिली, कारण दुसरं कोणी ती घ्यायला तयार नव्हतं.

अर्जुनरावांची मोटर हौदापुरतीच चालू लागली, तसं सोसायटीच्या बोअरात हळूहळू पाणी चढलं आणि तिथली मोटर परत आत गेली. सिद्धलिंगआप्पाकडं मात्र नवीनच गिऱ्हाईक सुरू झालं. दिंद्रुडचा एकजण म्हैस घेऊन दुकानापुढं उभा राहिला. गाभण आहे का, तेवढं ऐकून सांगा म्हणाला. दानम्मानं आतून डोळे वटारले. तोवर आप्पाच्या तोंडून हो निघून गेलं होतं.