दक्षिणेचा उन्हाळा

शुक्रवारी सकाळीच साहेब माझ्या टेबलाशी आले. "तुमची दक्षिण गोलार्धातली लाकडं अहवालातून वगळतोय. संध्याकाळी अहवाल जाणार."

माझ्या तीन वर्षांच्या कामावर पाणी!

झाडाच्या खोडात दर वर्षी एक वलय वाढतं. थंड वर्षाचं वलय बारीक. फार पूर्वी एका एप्रिलमध्ये एक ज्वालामुखी असा फुटला की पृथ्वीच्या दोन्ही गोलार्धांत पुढचा उन्हाळा गारठला. उत्तरेच्या लाकडांत ते बारीक वलय त्याच वर्षाचं निघालं. माझ्या दक्षिणेच्या लाकडांत मात्र एक वर्ष उशिराचं, चाळीसच्या चाळीस लाकडांत.

"तुमचं एक वलय मोजायचं राहिलंय," साहेब म्हणाले.

"चाळीस वेळा?" मी तडकले. दर दहा वलयांना टाचणी टोचत मी पाचदा मोजलं होतं.

"जुळत नाही ना? मग विषय संपला."

दुपारी नणंदेचा फोन आला. ती लांब, त्याच दक्षिण गोलार्धात राहते आणि बोलायला लागली की थांबत नाही. मी फोन ठेवणारच होते.

"वहिनी, टोमॅटो सॉसच्या बरण्यांवर वर्ष कुठलं लिहू गं? फुलं डिसेंबरात आली, टोमॅटो मार्चमध्ये तोडले. हे म्हणतात नवं लिही, मी म्हणते जुनं."

"उन्हाळा सुरू झाला ते लिही," मी म्हणाले, आणि कपाळावर हात मारून घेतला.

तिकडचा उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे दोन वर्षांत विभागलेला! झाडं मे महिन्यात तोडलेली. शेवटच्या वलयावर मी तोडणीचं वर्ष टाकलं होतं, पण ते वाढायला लागलं होतं आदल्या वर्षी. मोजणी बरोबर होती, सुरुवातच चुकली होती. आणि ती मीच केली होती. सकाळी एवढं तोंड चालवल्यावर हे सांगायला जायचं, म्हणजे नाक मुठीत धरूनच.

गेले. सांगितलं. साहेबांनी दोन्ही आलेख एकावर एक ठेवले आणि माझा एक वर्ष मागे सरकवला. दोन्ही रेघा एकाच जागी खाली गेल्या. मला रडूच आलं. साहेब घाबरून पाणी घेऊन आले.

"रडताय काय? आता चाळीस लाकडांवरची वर्षं बदलायची आहेत," म्हणत त्यांनी माझ्या टेबलाशी स्टूल ओढलं. "सरका जरा. वीस मला द्या."