जुन्या कॅटलॉगमधला उजेड

"उडवू नकोस हं काही!" दादा बाहेरून ओरडला.

"नाही रे बाबा. नुसती बघतेय," धाकटी आतून म्हणाली.

"बघता बघताच उडतं. गेल्या वेळी..."

"गेल्या वेळी कॉम्प्युटरवर मी नव्हते, तू होतास."

बाहेरून लेन्स पुसायचं फडकं झटकल्याचा आवाज आला. म्हणजे दादा हरला होता.

स्टुडिओ दोन खोल्यांचा. बाहेर दिवे, कॅमेरा आणि तळ्याचं चित्र रंगवलेला पडदा; ते दादाचं राज्य. आत कॉम्प्युटर, ते धाकटीचं. पन्नाशी उलटली तरी दादासाठी ती धाकटीच होती, आणि दादाचं ऐकून गिऱ्हाइकंही तिला तेच म्हणत. दादा फोटो काढायचा आणि ती ते निगुतीने नीट करायची. कुणाच्या गालावरचा फोड पुसायचा, कुणाची चुरगळलेली कॉलर सरळ करायची, कुणाच्या डोळ्यांखालची जागरणं कमी करायची. तिने लग्न केलं नव्हतं. लोकांचे चेहरे रोज इतक्या जवळून बघितल्यावर एकाच चेहऱ्यापाशी थांबायला जमलं नाही, असं ती चेष्टेने म्हणायची.

आज कॉम्प्युटर अडून बसला होता. कालचे शाळेचे फोटो कार्डावरून घ्यायला जागाच नाही म्हणत होता. धाकटीने शोधाशोध केली तेव्हा चोर सापडला. फोटोंचं सॉफ्टवेअर जेव्हा जेव्हा नवं झालं, तेव्हा तेव्हा त्याने नवा कॅटलॉग तयार केला होता आणि जुना तिथेच टाकून दिला होता. भाडेकरू घर सोडताना मोडकी खाट मागे ठेवून जातात तसा. प्रत्येक कॅटलॉगच्या बाजूला त्याच्या छोट्या छोट्या नमुना-चित्रांचा ढीग. तेच फोटो, त्याच त्या नोंदी, पुन्हा पुन्हा.

दादा दारात येऊन उभा राहिला. "फोटो जातील ना गं त्यात?"

"अरे, फोटो यात नसतातच. फोटो त्यांच्या फोल्डरमध्ये सुखरूप आहेत. यात फक्त कुठला फोटो कुठे ठेवलाय आणि आपण त्याला काय काय केलं, एवढंच असतं."

"म्हणजे आठवण."

"आठवण म्हण हवं तर."

"मग आठवण कशाला काढून टाकतेस?"

"एकच ठेवायची. सगळ्यात नवी. तीच आठवण ठिकठिकाणी सांभाळत बसलं तर नवीन काही मावायचं कुठे?"

दादाला ते पटलं की नाही, कळलं नाही. तो कपाटाकडे बघत होता. हल्ली तो बोलताना असाच भलतीकडे बघायचा. "सांभाळून कर," एवढं म्हणून तो गेला.

धाकटी सांभाळूनच करणारी होती. आधी तिने सगळ्यात नवा कॅटलॉग उघडला. सगळे फोटो त्यात दिसतात का ते पाहिलं, मधूनमधून उघडून ते खरोखर जागेवर आहेत याची खात्री केली. मग त्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. जुने कॅटलॉग लगेच पुसायचे नाहीत, 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये वेगळे ठेवायचे, काही दिवस काम करून बघायचं आणि मगच निरोप द्यायचा, असं तिने ठरवलं. आणि निरोप द्यायच्या आधी प्रत्येकाला एकदा उघडून बघायचं. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा याला वेळ घालवणं म्हणाला असता. पण दुपार रिकामी होती.

तिने सगळ्यात जुना कॅटलॉग उघडला, आणि खोलीतली हवा जणू बदलली. त्या वेळी तिला गडद रंगांचं वेड होतं. वहिनीचा लग्नानंतरचा पहिला, स्कॅन करून घेतलेला फोटो तिने इतका गडद केला होता की वहिनी तिन्हीसांजेला कुठल्याशा बागेत उभी आहे असं वाटत होतं, आणि उभी होती ती बाहेरच्या याच तळ्याच्या पडद्यापुढे. पुढच्या कॅटलॉगमध्ये तोच फोटो थोडा निवळलेला. त्याच्या पुढच्यात आणखी. माणसं तीच, तशीच बसलेली, पण दर वेळी त्यांच्यावरून दिवसाचा वेगळा प्रहर सरकत होता. आई मात्र सगळीकडे सारखीच होती. आईच्या फोटोला धाकटीने कधी हात लावला नव्हता. खिडकीतलं ऊन टेबलावर आलं, टेबलावरून तिच्या मनगटावर आलं, आणि ती एकेक वर्ष उघडून बघत, मिटवत, 'जुने'मध्ये सरकवत राहिली.

एक कॅटलॉग मात्र सरकेना. 'ही फाईल वापरात आहे' असं कॉम्प्युटर म्हणाला.

वापरात? हा तर चांगला जुनाट होता, मधल्या कुठल्याशा वर्षाचा. तिने तारीख पाहिली. शेवटचा बदल आजचा, सकाळचा. ती यायच्या आधीचा.

तिने खाली नीट पाहिलं. जुनं सॉफ्टवेअर कोपऱ्यात उघडंच राहिलेलं होतं. कुणीतरी ते बंद न करता नुसतं खाली सारून ठेवलं होतं. तिने ते वर आणलं.

कॉम्प्युटरचा पडदा पांढरा झाला.

आधी तिला वाटलं, अजून काही उमटलं नाही. मग हळूहळू दिसायला लागलं. उघड्या फोल्डरमधले फोटो होते, पण दुधात बुडाल्यासारखे. तळ्याचा पडदा विरघळून गेला होता. कपडे नव्हते, खुर्च्या नव्हत्या. नुसत्या भुवया, बुबुळं, ओठांची एखादी रेघ. पहाटेच्या दाट धुक्यातून ओळखीची माणसं चालत यावीत आणि जवळ येता येता तिथेच थांबावीत, तसे सगळे.

तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"सगळं पांढरं झालंय? मग फाईल बिघडलीय ताई," तो म्हणाला. "जुनीच आहे ना? द्या उडवून, विषय संपला."

"उडवते," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला. पण हात पुढे होईना. बिघडलेली फाईल अशी बिघडते का? तिने वहिनीचा फोटो उघडला आणि बाजूला त्याच्यावर झालेल्या कामाची यादी पाहिली. उजेड वाढवला. थोडा. मग काही आठवड्यांनी पुन्हा थोडा. मग आणखी. एकदा कमी करून पाहिला आणि लगेच परत वाढवला. हे बिघडणं नव्हतं. यात कुणाचातरी हात होता, आणि हळवा हात होता. शाळेचे फोटो, पासपोर्टचे फोटो, गिऱ्हाइकांची लग्नं, यांना कुणी शिवलं नव्हतं. पांढरे केले होते ते फक्त घरचे. वहिनी, आई, आणि ती स्वतः.

कॉम्प्युटरला हात लावणारी माणसं दोनच होती.

बाहेर गिऱ्हाईक आलं होतं. धाकटी उठून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. एक म्हातारे गृहस्थ स्टुलावर अवघडून बसले होते. दादा कॅमेऱ्यामागे होता. स्टूल, दिवे, कॅमेरा, सगळं जमिनीवरच्या खुणांवर. गेल्या वर्षी त्याने त्या चिकटपट्टीच्या खुणा केल्या आणि कुणी स्टूल तसूभर हलवलं तरी तो कावायला लागला, तेव्हा ती म्हणाली होती, वय झालं की माणूस खडूस होतो.

"काका, घरून निघताना काय विसरलात?" दादाने विचारलं.

"मी? काही नाही. चष्मा विसरलो होतो, पण बायकोने धावत आणून दिला."

"मग बायको विसरला नाहीत, हे नशीब!"

म्हातारा खळखळून हसला. ते हसू कानावर पडलं तेव्हा दादाने बटण दाबलं. धाकटीने पाहिलं, त्याने डोळा कॅमेऱ्याला लावलेलाच नव्हता. मान जरा कलती करून तो ऐकत होता.

गृहस्थ गेले. ती म्हणाली, "दादा, दिसत नाही का रे तुला?"

दादा वायर गुंडाळत होता. ती त्याने पूर्ण गुंडाळली, खुंटीला अडकवली.

"दिसतं की. कडेकडेचं सगळं दिसतं. मधलंच दिसत नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "तुझ्याकडे बघितलं की तू नसतेस. कपाटाकडे बघितलं की असतेस. म्हणून मी कपाटाकडे बघतो."

धाकटी चौकट सोडून पुढे आली. "डॉक्टर?"

"दोघांना दाखवलं. आहे तेवढं टिकवू म्हणाले. गेलेलं येत नाही."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू मला कॅमेऱ्याला हात लावू दिला असतास? मग मी दिवसभर काय करू? दारात बसून रस्ता बघू? तोही मधूनच गायब असतो." तो हसला. ती हसली नाही. "सकाळी तू यायच्या आधी उघडतो मी ते. उजेड वाढवत नेला की एका क्षणी डोळे दिसतात. सगळा चेहरा नाही, पण डोळे दिसतात. तुझं नव्यातलं काम नासायला नको म्हणून जुन्यात करायचो. म्हटलं, जुनं कोण उघडतंय! आज सकाळी ते बंद करायचं बटण सापडेना, तेवढंच राहिलं."

वहिनी घरून चहा घेऊन आली. दादापुढे ठेवताना तिने कप बशीवर टिचकी मारल्यासारखा वाजवला. दादाचा हात आवाजाच्या दिशेने गेला आणि नेमका कपाच्या कानावर पडला. कित्येक महिने वहिनी असाच कप वाजवत होती, आणि धाकटीला वाटायचं, वहिनी रागावलेली असते. तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने डोळ्यांनीच सांगितलं, असू दे.

"वहिनी, तुम्हाला..." दोघी आतल्या खोलीत आल्यावर धाकटी म्हणाली.

"माझ्याशी बोलताना ते शिंक्यावरच्या मडक्याकडे बघतात गं," वहिनी हलकेच म्हणाली. "मडक्याचा हेवा वाटायला लागला, तेव्हा कळलं. त्यांना सांगायचं नाहीये, तर मी कशाला विचारू? चालतंय तोवर चालू दे म्हटलं."

त्या दुपारी धाकटीने काम पुरं केलं. 'जुने' फोल्डर बाहेरच्या डिस्कवर गेलं, शाळेची मुलं कॉम्प्युटरमध्ये येऊन रांगेत बसली. पुढच्या आठवड्यात सगळं नीट चाललंय असं पाहून तिने बाकीच्या जुन्या कॅटलॉगना निरोप दिला. त्या एकाला ठेवलं. त्याचं नाव बदलून 'दादा' केलं आणि त्याचीही प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, अगदी नव्याची घेतली होती तशी. जुन्या सॉफ्टवेअरचं बंद करायचं बटण तिने मोठं करता येतं का पाहिलं. आलं नाही. मग तिने दादाला शिकवलं, कोणत्या दोन कळा एकदम दाबल्या की ते आपोआप मिटतं. दादाने त्या कळांवर जुन्या शर्टाच्या गुंड्यांइतके फुगीर ठिपके चिकटवून घेतले.

बाहेरच्या खोलीची वाटणीही हळूहळू बदलली. त्याबद्दल कुणी ठरवून बोललं नाही. डोळा कॅमेऱ्याला धाकटीने लावायचा, बोलायचं दादाने. ती आपली मुकाट्याने कॅमेऱ्यात फोटोची चौकट धरून उभी, आणि तो गिऱ्हाइकांना बोलतं करणार. फोटो पूर्वीपेक्षा चांगले यायला लागले, असं गिऱ्हाइकं म्हणत. दादा म्हणायचा, "येणारच! आता मला नुसतं ऐकायचंय."

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. धाकटी नवीन दिव्याचा अंदाज घेत होती आणि दादा सवयीने स्टुलावर बसला होता, तेव्हा तिने त्याचाच एक फोटो काढला. इतकी वर्षं स्टुडिओ चालवून दादाचा स्वतःचा धड फोटो नव्हता.

"दाखव," तो म्हणाला.

तिने तो त्याच्या कॅटलॉगमध्ये उघडला. तो तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला, पडद्याच्या बाजूला भिंतीकडे बघत. ती उजेड वाढवू लागली.

"अजून," तो म्हणाला. "अजून. जरा अजून."

तळं गेलं. शर्ट गेला. खांदे गेले. तिच्या दृष्टीने पडद्यावर आता काहीच उरलं नव्हतं, नुसता पांढरा कागद. तरी ती वाढवत राहिली.

"थांब."

ती थांबली. दादाने भिंतीकडे बघतच मान जराशी इकडे, जराशी तिकडे केली. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"धाकटे," तो म्हणाला, "माझे केस एवढे पांढरे झाले?"

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. कानशिलापासून टाळूपर्यंत एकही काळा केस नव्हता.

"छे रे," ती म्हणाली. "उजेड वाढवलाय ना, त्यामुळे तसं वाटतंय."

"हां. तरीच," दादा म्हणाला, आणि त्याने समाधानाने केसांवरून हात फिरवला.