सत्तावीस पॉइंट दोन

वहीत एकोणीस दिवस एकच आकडा होता : सत्तावीस पॉइंट दोन. पहिल्या आठवड्यात वहिनींना त्याचं कौतुक वाटलं. या सोमवारपासून मात्र त्या आकड्याकडे बघितलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे.

सोमवारी वीज गेली होती. अशा वेळी उबवणी यंत्राचा पंखा दोन बॅटऱ्यांवर चार तास चालायला हवा. तो बारा मिनिटांत थांबला. नशीब बलवत्तर म्हणून वीज विसाव्या मिनिटाला परत आली आणि अंडी वाचली. त्या दिवशी सकाळी वहीत काय लिहिलं होतं? सत्तावीस पॉइंट दोन.

नवरा पाय मोडून घरी पडल्यापासून, म्हणजे गेला दीड महिना, हॅचरीचा सगळा भार वहिनींवर होता. बॅटऱ्यांचं तेवढं धाकट्या दिराकडे. भावजींचं मोटार गॅरेज रस्त्यापलीकडेच. बॅटरी म्हणजे त्यांच्या हातचा मळ. ते रोज आठला येत, बॅटऱ्यांना मीटरच्या दोन वायरी टेकवत, दोन्हींचे मिळून किती व्होल्ट तो आकडा वहीत लिहीत आणि जाता जाता छताकडे बघत. ‘इथे दोन ट्रक आरामात उभे राहतील,’ असं एकदा ते सहज बोलून गेले होते. वहिनी ते विसरल्या नव्हत्या.

भावजी मीटर न लावताच आकडा लिहीत असतील, असं वहिनींना आधी वाटलं. मंगळवारी पावणेआठलाच त्या रिकाम्या ट्रेंच्या मांडणीमागे जाऊन उभ्या राहिल्या. भावजी आले, चष्मा पुसला, वायरी टेकवल्या, आकडा पुटपुटले आणि तोच लिहिला. म्हणजे वही खोटं बोलत नव्हती.

मग बॅटऱ्याच बदलल्या असतील. गॅरेजात तसल्या काळ्या पेट्या ढिगाने पडलेल्या असतात. दोन इकडच्या तिकडे गेल्या तर कोणाला कळणार? बुधवारी वहिनींनी खरेदीचं बिल शोधून काढलं आणि गुडघ्यांवर बसून त्यावरचा एकेक नंबर बॅटरीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. दोन्ही जुळले. त्यामुळे संशय गेला असं नाही. त्याला आता बसायला दुसरी जागा हवी होती, एवढंच.

गुरुवारी वीज कार्यालयाचा माणूस दारावर कागद चिकटवून गेला. उद्या दहा ते एक पुरवठा बंद. यंत्रात दोन हजार अंडी होती आणि उद्या त्यांचा विसावा दिवस होता. विसाव्या दिवशी पिल्लू पुरतं तयार असतं, त्याच्या स्वतःच्या अंगाचीच ऊब एवढी असते की हवा खेळती राहिली नाही तर आतल्या आत गुदमरतं. पंखा तीन तास चालला तर पिल्लं, नाही तर खड्डा खणायचा.

दुपारी वहिनींनी मीटर स्वतःच्या हातात घेतला. सत्तावीस पॉइंट दोन. तेवढ्यात पलीकडे गॅरेजात वेल्डिंग सुरू झालं. शेडमधला दिवा मंद झाला, भिंतीवरच्या चार्जरची घरघर बदलली आणि मीटरवर सव्वीस पॉइंट आठ आलं. दिवा उजळला, पुन्हा सत्तावीस पॉइंट दोन. बॅटरी अशी डोळे मिचकावत नाही. वहिनी बघतच राहिल्या. मग रस्त्यावर जाऊन त्यांनी हाक मारली आणि भावजींना शेडमध्ये आणलं.

“भावजी, हा आकडा कोणाचा?”

“कोणाचा म्हणजे? बॅटरीचा. माझं ब्लड प्रेशर आहे का ते?”

“चार्जर बंद करून कधी मोजलंत?”

“वहिनी, वीस वर्षं हेच करतोय. गाडी चालू ठेवायची, वायरी लावायच्या, मीटर चौदाच्या आसपास गेला की गिऱ्हाईक रवाना.”

“गाडी चालू असताना तिचं चार्जिंगही चालूच असतं ना?”

भावजींची नजर वहीतून डोकावणाऱ्या बिलावर पडली. प्रत्येक नंबरापुढे पेन्सिलीची खूण.

“हे काय? माझी झडती घेतलीत?”

वहिनींना काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. “घेतली. बॅटऱ्या बदलल्यात असं वाटलं होतं.”

“आणि?”

“नंबर जुळले.”

“वा! म्हणजे मी चोर नाही. तसं लिहून द्या, गॅरेजात फ्रेम करून लावतो.”

“रुसायचं ते नंतर रुसा. उद्या दहाला वीज जाणार आहे.”

वहिनींनी चार्जरचं बटण बंद केलं. मीटर सव्वीस पॉइंट एकवर आला.

“झालं समाधान?” भावजी म्हणाले. “भरलेल्या आहेत दोन्ही.”

“आत्ताच चार्जर सुटलाय. थोडं थांबू.”

दोघं उपड्या क्रेटवर बसले. अर्धा तास दोघांची नजर मीटरवर होती. आकडा गुपचूप उतरत होता; पंचवीस पॉइंट एकपर्यंत आला. मग वहिनींनी मेन स्विच खाली ओढला आणि पंख्याचा भार बॅटऱ्यांवर टाकला. चोवीस. तेवीस. नवव्या मिनिटाला इन्व्हर्टर कोकलायला लागला. भावजींनी झटकन एकेका बॅटरीला स्वतंत्रपणे मीटरच्या वायरी लावल्या. एक बारा पॉइंट दोन. दुसरी नऊ पॉइंट चार. त्यांनी टर्मिनल घासून वायरी पुन्हा लावल्या. पुन्हा तेच.

मेन स्विच वर करून ते बराच वेळ वहीची पानं मागे उलटत राहिले.

“मेलीय ही,” ते म्हणाले. “आणि मी रोज येऊन चार्जरचा आकडा लिहीत होतो.”

संध्याकाळी ते हातगाडीवर दोन बॅटऱ्या घेऊन आले आणि मीटर वहिनींसमोर धरला. “तुम्हीच मोजा. माझ्यावर भरवसा ठेवू नका.”

“नाहीच ठेवणार,” वहिनी म्हणाल्या आणि अर्धा तास पंखा चालवून त्यांनी मोजलं. दोनातली एक ढेपाळली. भावजींनी तिच्याकडे, चालू गाडीतून उतरून पळणाऱ्या फुकट्याकडे बघावं तसं बघितलं.

“ही तर मी परवा एकाला चांगली म्हणून देणार होतो.”

तिसरी त्यांनी स्वतःच्या टेम्पोतून काढून आणली. ती टिकली. भावजी त्या दिवशी घरी पायी गेले.

शुक्रवारी दहाच्या ठोक्याला वीज गेली. भावजी आले नाहीत. गॅरेजच्या फाटकात उभे राहून ते एकच पाना पुन्हा पुन्हा पुसत होते. वहिनी दर पंधरा मिनिटांनी आकडा घेत होत्या. अकरा वाजले, बारा वाजले. पंखा फिरत होता. साडेबाराला त्या दारात आल्या.

“आत या.”

“आधी आकडा सांगा.”

“चोवीस पॉइंट दोन.”

“चार्जर बंद आहे ना?”

“वीजच नाहीये भावजी, चार्जर कुठला चालतोय?”

पाना खिशात कोंबून त्यांनी रस्ता ओलांडला आणि यंत्राच्या दाराला कान लावला. आतून टकटक ऐकू येत होती. आधी एक, मग इथून तिथून कितीतरी.

तरीही त्यांनी मीटर मागितला. वहिनींनी दिला, आणि आकडा बघायला स्वतःही वाकल्या.