सातव्या पिढीची धाकटी

आमच्या मोगादिशूत माणसाचं एक नाव आईबाप ठेवतात आणि दुसरं गल्ली ठेवते. चालतं ते गल्लीचं. लंगड्याला लंगडा, टकल्याला टकल्या. कुणी वाईट वाटून घेत नाही. समोरच्या रेडिओतल्या बातमीदाराचे कान बघून पहिल्याच दिवशी त्याला सुपकान्या केलं ते मीच. मी दहाबो. रेडिओच्या फाटकासमोर बारा वर्षं चहा विकतेय.

त्याचं खरं नाव मला ठाऊक होतं, कारण पिढ्या विचारल्याशिवाय मी कुणाला दुसरा पेला देत नसे. लीबान, बाप अवाले, आजा गुलेद, असं मोजत मोजत सहाव्या पूर्वजापाशी त्याचं आणि माझं घराणं एक झालं.

"म्हणजे तू माझी आत्या," तो म्हणाला. "मग जरा साखर घाल की, कंजूष!"

असला चहाटळ. पण कामाला पक्का. बाँब फुटला की सगळं गाव तिकडून पळत सुटायचं आणि हा शहाणा तिकडे धावायचा. एकदा सरकारनं सोळा दिवस आत टाकलं, मेलेल्यांचा खरा आकडा सांगितला म्हणून. बाहेर आला तो पाठ सुजवून, आणि दुसऱ्या दिवशी परत कामावर!

मग त्यानं ती धान्याची बातमी दिली. दुष्काळी गावांकडे निघालेल्या गाड्या बंदूकवाले कुठे रिकाम्या करतात, ती जागासुद्धा सांगितली. त्याच्या बातमीला नेहमी 'आमचा बातमीदार' एवढंच म्हणायचे. त्या दिवशी वाचणारी पोर नवी होती. तिनं कागदावरची तिन्ही नावं वाचून टाकली: लीबान अवाले गुलेद. संध्याकाळच्या आत रेडिओवर बंदूकवाल्यांचा फोन आला. त्या लीबानचे दिवस भरले म्हणाले.

सकाळी सुपकान्या चहाला आला.

"आत्या, नैरोबीला जायचे कागद आठ दिवसांत हातात येतील. त्यांच्याकडे माझं नाव आहे, चेहरा नाही. या रस्त्यावर लीबान कोण हे फक्त तुला माहीत आहे."

"माझ्या तोंडाला कुलूप."

"तुझ्या? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आत्या."

मला राग आला. म्हटलं, आता याला दाखवतेच.

आणि दाखवलं! दुसऱ्या दिवशी दोघे जण आले, तोंडाला फडकी बांधलेले. "इथे लीबान कोण?" मी म्हटलं, "लंगडा आहे, टकल्या आहे, सुपकान्या आहे. लीबान नाही बाई कुणी." ते निघून गेले. सुपकान्याला सांगितलं तेव्हा हसता हसता त्याच्या नाकातून चहा आला. पाचव्या दिवशी गणवेशातला एक जण विचारून गेला. त्यालाही तेच सांगितलं.

सातव्या दिवशी, दुपारचा नमाज झाल्यावर, एक माणूस आला. दाढीला मेंदी, अंगात स्वच्छ झगा. मोठ्यांशी बोलावं तसा अदबीनं बोलला. आधी माझी खुशाली विचारली, मग घराणं विचारलं.

"म्हणजे तुम्ही माझ्या आत्या की! अवाले गुलेद माझे सख्खे चुलते. लीबानची आई आजारी आहे हो. डोळे मिटायच्या आत मुलाला बघू दे म्हणते. या शहरात मला कोण ओळखतंय? कुणाला विचारू?"

मी काही भोळी नाही. म्हटलं, पिढ्या सांग. त्यानं धडाधड सांगितल्या. सातव्या पिढीच्या पूर्वजाला दोन बायका होत्या, आम्ही धाकटीचे. आमची मुलंसुद्धा तिथे चुकतात, थोरलीचं नाव घेतात. यानं बरोबर धाकटीचं घेतलं. मला गलबलून आलं. रक्ताचं माणूस दारात उभं आणि मी त्याची परीक्षा घेतेय!

"अरे, आपला सुपकान्या तो! बस ना. आता येईलच बाहेर."

आणि माझ्या हातानं त्याला दुसरा पेला भरला.

सुपकान्या फाटकातून बाहेर आला. मी आनंदानं ओरडले, "लीबान! बघ कोण आलंय!"

रस्त्यावर मी त्याला त्या नावानं पहिल्यांदाच हाक मारली. त्यानं त्या माणसाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. झग्यातून हात बाहेर आला आणि तीन गोळ्या सुटल्या. माणूस चालत निघून गेला, पळालासुद्धा नाही. पेला अर्धा भरलेला तसाच होता.

पिढ्या पाठ करायला किती लागतं? दोन दिवस. तीन नावं हातात असली की पुढची कुठलाही म्हातारा सांगतो. हे मला तेव्हा का सुचलं नाही, जळो माझी अक्कल!

त्यानंतर चौथ्या दिवशी लीबानची आई गावाहून आली, स्वतःच्या पायांनी. ठणठणीत होती. तिनं विचारलं, "तो माणूस माझ्याबद्दल काय म्हणाला?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मला तर साधा तापही नव्हता." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कुणी पकडलं गेलं नाही. कुणी विचारतही नाही. रेडिओवर आता धान्याची बातमी लागत नाही, गाणी लागतात. त्याच्या जागी एक नवा आलाय. परवा चहा पिता पिता आपला बाप, आजा सांगायला लागला. मी त्याच्यावर खेकसले, "नको! चहा पी आणि चालता हो!"

गल्लीनं माझं नाव बदललंय. रागानं नाही, आमच्याकडे ज्याचं जे दिसतं तेच त्याचं नाव.

"जीभ, एक चहा दे गं."

मी ओ देते.