बुचांवर ढकललेली खरखर

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या बोटांनी बोलत आलो, त्यामुळे स्वतःची गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची धाकधूक वाटते. शिवाय जे सांगायचे आहे, त्यात मिरवण्यासारखे फार काही नाही. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. निळा एप्रन घातलेल्या एका बाईने माझ्या पोटातल्या तारांना एकेक करून कथिलाचे डाग देऊन जोडले. प्रत्येक डाग दिल्यावर ती त्यावर हलकेच फुंकर घाली. तिचे नाव मला कधीच कळले नाही, पण ती फुंकर अजून आठवते. मग जहाजाने आफ्रिकेतले बैरा बंदर, तिथून आगगाडीने झिम्बाब्वेतले हरारे, आणि शेवटी शहरातल्या एका मोठ्या हॉटेलचा वाद्यवृंद. तिथे मी पाहुण्यांच्या चहाच्या वेळी वाजू लागलो.

मला वाजवणारी मुलगी होती रुदाइरो. वय एकोणीस, राहायला हरारेच्या हायफिल्ड वस्तीत. लहानपणापासून चर्चची पेटी वाजवलेली, त्यामुळे पट्ट्या तिला येत होत्या. पण माझ्या उजव्या अंगाला जी गोल बटणे आहेत, त्यांना ती घाबरायची. त्यांतले सगळ्यात मोठे बटण फिल्टरचे.

फिल्टर म्हणजे काय, ते सांगतो. माझ्या पोटात तयार होणारा आवाज अगदी कच्चा असतो, पत्र्यावर खडे ओतल्यासारखा. फिल्टर त्यातला बारीक, टोकदार भाग अडवतो आणि जाड, मऊ भाग पुढे सोडतो. बटण डावीकडे नेले की आवाज गोधडीखाली जातो, उजवीकडे नेले की तो तोंड उघडून बोलतो. शेजारी दुसरे एक बटण आहे. ते वाढवले की फिल्टर जिथे आवाज कापतो, नेमक्या तिथेच एक शीळ उमटते.

वाद्यवृंदाचा प्रमुख होता जेकोनिया. सगळे त्याला मुकोमा म्हणत, म्हणजे थोरला भाऊ. तो गिटार वाजवायचा आणि बिघडलेली वाद्येही उघडून बसायचा. रुदाइरोला फिल्टर शिकवला त्यानेच.

"बटण फिरवतेस की बटाटा सोलतेस?" तो पहिल्या दिवशी म्हणाला. "हळू. एक पट्टी दाबून धर आणि तोंडाने 'ऊ' म्हण. आता तोंड उघडत 'आ' म्हण. तोंड उघडेल तितकंच बटण फिरव."

"मुकोमा, लोक हसतील मला."

"हसू देत. मी तर कधीचाच हसतोय."

महिनाभर ती मला घरी नेऊन एकच पट्टी आणि एकच बटण घेऊन बसली. शिळेचे बटण वाढवले की गल्लीतली कुत्री भुंकत, मग ती ओशाळून ते खाली आणी. मला खरेच तिचे कौतुक वाटे. एके दिवशी तिची आई अंगणात मक्याचे पीठ चाळत होती. ते पाहून रुदाइरो म्हणाली, "अमाई, मला समजलं. फिल्टर म्हणजे तुझी चाळण. पीठ खाली पडतं, कोंडा वर राहतो." तेव्हापासून तिचा हात बसला.

पण मित्रांनो, तिथेच थोडे चुकले. हॉटेलातल्या पाहुण्यांना गुळगुळीत आवाज आवडायचा. फिल्टर जितका मिटलेला, तितक्या टाळ्या जास्त. तिला वाटू लागले की जे टोचते तो कोंडाच. मलाही तसेच वाटू लागले. कौतुक कोणाला नको असते? मीसुद्धा मिटून गाताना स्वतःवर खूश असायचो.

रुदाइरोच्या आजोबांचे नाव गारिकाई. त्यांचे कुळ माकडाचे, सोको, म्हणून मोठी माणसे त्यांना मानाने सोको म्हणत. रुदाइरो त्यांना सेकुरू म्हणे. सेकुरू एम्बिरा वाजवायचे. जाड लाकडी फळीवर लोखंडाच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्या दोन अंगठ्यांनी आणि एका बोटाने छेडायच्या, आणि घुमण्यासाठी फळी मोठ्या भोपळ्यात बसवायची. फळीवर बाटल्यांची आठ पत्र्याची बुचे सैल ठोकलेली होती. पट्टी छेडली की ती थरथरून झर्र झर्र करत. ती बुचे रुदाइरोच्या आईच्या लग्नात उघडलेल्या बाटल्यांची होती.

सेकुरूंना त्यांच्या वडिलांकडून एक चाल मिळाली होती. घरात काही अडले, कोणी आजारी पडले, की ती चाल वाजवून वाडवडिलांच्या आत्म्यांना बोलवायचे. ती चाल घरात दुसऱ्या कोणालाही येत नव्हती, आणि सेकुरूंची बोटे दर थंडीत थोडी अधिक आखडत होती. म्हणून रुदाइरोने ठरवले, थंडी सुरू होण्याआधी ती चाल टेपवर घ्यायची. एम्बिरासमोर माईक, माईकची वायर माझ्यात, आणि माझ्यातून टेपमध्ये. माझ्या फिल्टरमधून गेली की चाल सुरेख होईल, अशी तिची खात्री होती.

आता माझा गुन्हा सांगतो.

त्याच्या काही महिने आधी आम्ही ग्वेरू शहरात कार्यक्रमाला गेलो होतो. बसच्या टपावर मला बांधले होते. एका खड्ड्यात मी आपटलो आणि पोटात, माईकची वायर जिथे येते तिथला एक डाग सुटला. त्या जपानी बाईने फुंकर घातलेला डाग. पट्ट्या नीट वाजत होत्या, त्यामुळे कोणाला काही कळले नाही. मला कळले होते. बंद पडून मला ते दाखवून देता आले असते. पण बंद पडलेल्या वाद्यांना हॉटेलच्या कोठीत टाकतात हे मी पाहिले होते, म्हणून मी गप्प राहिलो.

एका शनिवारी दुपारी सेकुरू हायफिल्डच्या घरी आले. जेकोनियाने तिथल्या रिवाजाप्रमाणे खाली वाकून, टाळ्या वाजवून नमस्कार केला.

"कसे आहात, सोको?"

"माकड म्हातारं झालं, बाबा. झाडावर चढवत नाही, म्हणून खुर्चीवर बसलंय." मग माझ्याकडे बघून ते म्हणाले, "ही पेटी काय करणार?"

"चाळणार, सेकुरू," रुदाइरो म्हणाली. "कोंडा बाजूला काढणार."

"सगळा कोंडा काढलास, तर कोंबड्यांनी काय खायचं?"

सगळे हसले. सेकुरूंनी भोपळा माझ्याच टेबलावर टेकवला आणि वाजवायला सुरुवात केली. बुचे झणझणली, टेबल थरथरले आणि माझ्या सुटलेल्या डागातून खरखर सुरू झाली. वाळके गवत पेटल्यासारखी.

जेकोनियाने कान टवकारले. "हे काय तडतडतंय?"

"बुचं असतील," रुदाइरो म्हणाली. तिने फिल्टर मिटला. खरखर कमी झाली, पण चालही चिखलात रुतल्यासारखी झाली. उघडला की पुन्हा खरखर. तिने अर्धा तास प्रयत्न केला. शेवटी ती खाली मान घालून म्हणाली, "सेकुरू, रागावू नका. बुचं काढली तर?"

सेकुरूंनी बुचांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "बुचं काढली तर ते ओळखतील कशानं?"

"कोण, सेकुरू?"

"ज्यांना हाक मारायची आहे ते."

"चाल तर तीच राहील ना. उलट जास्त स्वच्छ ऐकू येईल."

त्यांनी नातीच्या तोंडाकडे पाहिले. त्यांना तिचे मन मोडायचे नव्हते. "यंत्र तुझं, पोरी. कायदाही तुझा."

तिने पकडीने एकेक बूच उचकटले. सेकुरूंनी आठही बुचे मोजून कोटाच्या खिशात टाकली. टेबल आता कमी थरथरत होते, फिल्टर अर्धा मिटलेला होता, आणि माझी खरखर कोणालाच ऐकू आली नाही. दोष बुचांवर गेला होता आणि मी सुटलो होतो. मित्रांनो, मला तेव्हा वाईट वाटले नाही, हायसे वाटले. तेच मला आज सगळ्यात जास्त लागते.

टेप वाजवून दाखवली तेव्हा आवाज काचेसारखा लख्ख होता. जेकोनियाने मान डोलावली. सेकुरूंनी शेवटपर्यंत ऐकले आणि उठताना म्हणाले, "छान वाजवलंय कोणीतरी. पण कोणी आलं नाही."

आमच्याकडे थंडी जूनमध्ये येते; त्या वर्षी ती कडक पडली. सेकुरूंची बोटे सुजली आणि वाकलेली राहिली. चहाचा पेला ते दोन्ही तळव्यांत धरू लागले.

जुलैमध्ये हॉटेलात एक गायिका आली. तिचा माईक माझ्यात लावला, आणि माझी खरखर भर कार्यक्रमात उघडी पडली. दुसऱ्या दिवशी जेकोनियाने मला उलटा केला आणि स्क्रू काढले. आत धूळ, एक मेलेले झुरळ, आणि तो सुटलेला डाग. त्याने वायर बोटाने हलवली. खरखर. पुन्हा हलवली. पुन्हा खरखर.

"रुदा," तो हळूच म्हणाला, "त्या दिवशीचं तडतडणं इथलं होतं. बुचांचं नव्हतं."

रुदाइरोने माझ्या उघड्या पोटात पाहिले. ती रडली नाही, माझ्यावर हातही उगारला नाही. तिने उगारला असता तर बरे झाले असते. "मीच आधी आत बघायला हवं होतं," एवढेच ती म्हणाली. जेकोनियाने डाग पुन्हा दिला. त्याने फुंकर घातली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

ती मला घेऊन सेकुरूंकडे गेली आणि जमिनीवर बसून सगळे सांगितले. सेकुरूंनी तळव्यानेच कोट पुढे सरकवला. "खिशात हात घाल. आठ आहेत का बघ. मी काही विकली नाहीत."

"सेकुरू, तुम्ही पुन्हा..."

"माझ्या बोटांकडे बघ आणि मग विचार."

तिने खिशातून आठही बुचे काढली.

"ठोक ती बुचं," सेकुरू म्हणाले. "घट्ट नको, सैल. आणि अंगठे दे इकडे. चर्चमध्ये पेटी बडवलीस ना इतकी वर्षं, आता जरा खरं काम कर."

त्या दिवसापासून ती शिकू लागली. सेकुरू तिच्या मनगटावर वाकड्या बोटाने ताल द्यायचे, चुकली की म्हणायचे, "माकडाची नात आहेस, हत्तीसारखी काय चालतेस?" मी कोपऱ्यात असायचो, माईक लावलेला, फिल्टर पूर्ण उघडा. शिकता शिकता ती कधी माझे बटण हळूहळू डावीकडे फिरवायची आणि डोळे मिटून ऐकायची. चालीतून आधी काय जाते, मग काय जाते. सगळ्यात आधी बुचेच जायची. पुन्हा उघडले की सगळ्यात शेवटी तीच परत यायची, आणि ती आली की खोली भरायची. मला वाटते, फिल्टर ती खऱ्या अर्थाने त्या दिवसांत शिकली. काय काढायचे हे तिला आधीही येत होते. काय काढल्यावर काय हरवते, हे आता ऐकू येऊ लागले.

सप्टेंबरमध्ये, जकरांडाच्या झाडांना जांभळी फुले आली तेव्हा, तिने ती चाल पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाजवली. दोन ठिकाणी अडखळली. टेप चालू होती. सेकुरू भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून बसले होते. चाल संपल्यावरही बुचे क्षणभर झर्र करत राहिली.

"सेकुरू, कशी झाली?"

"दोनदा पाय घसरला तुझा." मग ते किंचित सरकले, शेजारी कोणाला जागा करून द्यावी तसे. "पण ऐकू गेलं त्यांना."

सेकुरू त्यानंतर दोन वर्षांनी गेले. रुदाइरो आता स्वतः आजी आहे, आणि घरात काही अडले की ती चाल तीच वाजवते. मी हायफिल्डच्या एका शाळेत, संगीताच्या खोलीत, कपड्याखाली असतो. तिथेच दोन टेपा एका डब्यात ठेवलेल्या आहेत. एकीत सेकुरूंचे हात आहेत, पण बुचे नाहीत. दुसरीत बुचे आहेत, पण सेकुरूंचे हात नाहीत. दोन्ही एका टेपवर असू शकली असती. माझ्यामुळे नाहीत. मुले विचारतात, या मोठ्या बटणाने तो आवाज परत आणता येईल का. नाही, मित्रांनो. फिल्टर अडवू शकतो. जे कधी आत आलेच नाही, ते तो देऊ शकत नाही.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणे आहे. माझ्यासारखे एखादे यंत्र तुमच्या हाती आले, तर कधीतरी त्याचे पोट उघडून धूळ पुसा, सुटलेल्या डागांवर नजर टाका. आणि काही खरखरले, की समोरच्याची बुचे उचकटण्याआधी एकदा आपल्या पोटात बघा. मी पाहिले होते. मला माहीत होते. तरी मी गप्प बसलो.