रेघबाबाच्या पाच रेघा

तिसऱ्या दिवशी गर्दी इतकी झाली की बर्फाच्या कारखान्यातले कामगारही काम टाकून भिंतीवर चढून बसले. खाली वाळूत पांढरा झगा घातलेला माणूस लोखंडी सळई घेऊन उभा होता. काल त्याने ओढलेल्या रेघेच्या आठ पावलं खाली त्याने नवी रेघ ओढली आणि डोळे मिटले. लाटा वर आल्या, रेघेपाशी फेस सांडला, मागे फिरल्या. बायकांनी हात जोडले. माझ्या शेजारचा शिंपी म्हणाला, "बघ, आठ पावलं. रोज मागे ढकलतोय."

लोक त्याला रेघबाबा म्हणू लागले होते. तो कुठून आला कुणालाच माहीत नव्हतं. "मी समुद्राला दटावत नाही, समजावतो," असं तो सांगे. समजावणी पाच दिवसांची, सहाव्या दिवसापासून पाणी आपणहून मर्यादेत राहील. एवढा समजूतदार समुद्र मी सुतारकामाच्या तीस वर्षांत पाहिला नव्हता. आमच्या किनाऱ्यालगतच्या गल्लीतली दारं-खिडक्या मीच दुरुस्त करतो. खारं पाणी कुठवर चढतं ते मला कुजलेल्या चौकटी सांगतात.

गल्लीचं दुखणं जुनं होतं. दर वर्षी समुद्र थोडी वाळू नेत होता. शेवटच्या रांगेत अकरा घरं उरली होती, त्यातलं टोकाचं माझ्या काकूचं. नगरपालिकेने टेकडीवर जागा देऊ केल्या होत्या आणि किनाऱ्यावरची जुनी दगडी भिंत काढून तिथे वाळूचे उंचवटे नि झुडपं राखायचं ठरवलं होतं. लोक कुरकुरत का होईना, तयार झाले होते. काकूने भांडी पोत्यात भरून ठेवली होती. त्यात हा बाबा उगवला आणि काकूने पोती सोडून भांडी पुन्हा मांडली.

मी तिला समजवायला गेलो तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुला विश्वास नसेल तर नसू दे. पण मला इथून हलायचं नव्हतंच रे. कुणीतरी नको हलू म्हणालं, तेवढं पुरलं."

मी घरी आलो आणि ताईला सांगितलं.

माझी ताई बंदरावर नोंदणी कारकून आहे. धक्क्याला लावलेल्या मापाच्या खांबावर पाणी किती चढलं ते दर तासाला वहीत लिहायचं, हे तिचं बावीस वर्षांचं काम. ती बाबाला बघायला गेली नव्हती. तिने एवढंच विचारलं, की तो येतो किती वाजता. मी म्हटलं, त्याचं काही ठरलेलं नसतं, आतून हुकूम आला की येतो. पहिल्या दिवशी एक वाजता, मग पावणेदोनला, आज अडीचला.

ताईने पिशवीतून एक पातळ पुस्तिका काढून माझ्यापुढे ठेवली. बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक. त्या तीन दिवसांपुढे पूर्ण भरतीच्या वेळा छापल्या होत्या: एक, एक पंचेचाळीस, दोन तीस.

"हुकूम छापून येतो वाटतं," ती म्हणाली. मग थोडं थांबून तिने सांगितलं, की गेल्या महिन्यात असली एक पुस्तिका तिनेच खिडकीवरून दगडाच्या ठेकेदाराला विकली होती. तेव्हाच तिला नवल वाटलं होतं, कारण त्या माणसाला होडीत बसलं की उलट्या होतात.

पाचव्या दिवशी सव्वाचारला शेवटची रेघ पडली. ती पहिल्या रेघेपासून तीसेक पावलं खाली होती. तिथेच ठेकेदाराने अर्ज वाचून दाखवला: आम्हाला टेकडीवर जायचं नाही, भिंत दुप्पट उंच करून द्या. दगड अर्थातच त्याच्या खाणीतला. सह्या घ्यायला तीन आठवड्यांनी नगरपालिकेचा माणूस येणार होता.

ताई गर्दीतून पुढे गेली आणि बाबाला शांतपणे म्हणाली, "महाराज, आणखी अकरा दिवस राहा. जेवणखाण आमच्याकडे."

बाबाने सांगितलं की दुसऱ्या गावांची बोलावणी आहेत. दुसऱ्या सकाळी तो गेला.

त्याच सकाळी ताईने बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर खडूने अकरा ओळी लिहिल्या. तारीख, वेळ, आणि पाणी कुठवर येईल ते. पहिले दोन दिवस पाणी अजून खाली राहील असं तिनेच लिहिलं होतं. तसं झालं तेव्हा लोकांनी तिला हसून घेतलं, बाबाचा हात अजून समुद्रावर आहे म्हणाले. तिसऱ्या दिवसापासून पाणी वर चढू लागलं. बाबाची पाचवी रेघ ओलांडली, मग चौथी, तिसरी. हसणं बंद झालं. मुलं भिंतीवरच्या ओळींपुढे बरोबरच्या खुणा करू लागली. आठव्या दिवशी काकू स्वतः येऊन उभी राहिली. अकराव्या ओळीत लिहिलं होतं: शेवटच्या घराचा उंबरा, वारा असेल तर त्याहून आत.

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग मला म्हणाली, "पोती घेऊन ये."

अकराव्या दिवशी वारा होता. दीड वाजता काकूच्या मागच्या खोलीची भिंत आत कोसळली. चूल होती तिथे पाणी फिरत होतं. घरात कुणी नव्हतं. काकू टेकडीवरून बघत होती.

त्यानंतरचे पाच दिवस ताई छत्री घेऊन वाळूत गेली आणि रोज एक रेघ ओढली. पाणी रोज रेघेपाशी थांबलं. "आता मला काय म्हणणार, छत्रीताई?" तिने जमलेल्यांना विचारलं आणि मग सगळं उलगडून सांगितलं. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. तिथून आठवडाभर रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा कमी चढते, मग पुन्हा आठवडाभर वाढत जाते. वेळही रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. बाबाने उधाण गाठून सुरुवात केली आणि पाणी पुन्हा वाढायच्या आत काढता पाय घेतला. उधाण येतं हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. ते रोज किती पावलं उतरतं हे कुणी मोजलं नव्हतं.

शिंप्याने विचारलं, की मग उंच भिंत तरी वाईट का. ताईने त्याला जुन्या भिंतीपाशी नेलं. लाट दगडावर आपटून मागे फिरत होती आणि पायथ्याची वाळू उपसून नेत होती. तिथला खड्डा गुडघाभर होता. उतरत्या वाळूवर तीच लाट पसरते, थकते.

अर्जावर सही झाली नाही. ठेकेदार म्हणाला, त्यानेही श्रद्धेनेच बाबाला आणलं होतं. पुस्तिकेचं विचारल्यावर त्याला काम आठवलं.

समुद्र शांत झाल्यावर, चारेक महिन्यांनी, दुसरा एकजण आला. हरवलेली वाळू मंत्राने परत आणतो म्हणाला, आणि वाळू खरोखरच येत होती. काकू टेकडीवरून खाली उतरली. तिने त्याला विचारलं, "गेल्या वर्षी याच महिन्यात वाळू आली होती, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

तो झोळी उचलून निघाला. किनाऱ्यावरची वाळू खवळलेल्या समुद्राने नेऊन पाण्याखाली ठेवलेली असते आणि शांत लाटा तीच परत आणतात, हे काकूला ताईने सांगितलं होतं. पण प्रश्न तिचा स्वतःचा होता.

वाचणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. चमत्कार दाखवणाऱ्याशी भांडू नका. त्याला आणखी पंधरा दिवस ठेवून घ्या, रोज मोजा, आणि भिंतीवर सर्वांना दिसेल असं लिहा.