इनायतने फोडलेला बांध

आई गेली तेव्हा इनायत रांगत होता. आमच्या सिंधीत थोरल्या बहिणीला अदी म्हणतात; त्याला या अदीनंच वाढवलं, त्यामुळे त्याच्याबद्दल जे सांगते ते ऐकीव नाही.

आमचे वडील सिंधूच्या बांधावर रखवालदार होते. पावसाळाभर ते बांधावरून फिरायचे, उंदरांची बिळं चिखलानं बुजवायचे. इनायत मात्र सिंधमधल्याच हैदराबादला कॉलेजात गेला आणि लष्करी राजवटीविरुद्ध भाषणं ठोकू लागला. पोलीस शोधत आले तेव्हा आमचा शेजारी खमीसो यानं त्याला कडब्याच्या गंजीत लपवलं. खमीसोला ठाण्यावर नेऊन इतकं मारलं की त्याच्या डाव्या हाताची बोटं कायमची वाकडी झाली. पण त्यानं तोंड उघडलं नाही. इनायत पुढे पकडला गेलाच. तुरुंगातून सुटला तो पुढारी होऊनच. प्रांताच्या असेंब्लीच्या पहिल्या निवडणुकीत खमीसो उंटावर बसून गावोगाव त्याच्यासाठी ओरडत फिरला.

सुरुवातीला त्यानं दवाखाना आणला, खरं आहे ते. मग सरकार बदललं आणि इनायतचा पक्षही बदलला. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मी विचारलं तर म्हणाला, "अदी, विरोधात बसून लोकांची कामं होत नाहीत." लोकांची कामं म्हणजे नदीच्या पलीकडच्या काठावर त्याची आंब्याची बाग झाली, कराचीत बंगला झाला, आणि शेवटी पाटबंधारे खातंच त्याच्या हातात आलं. वडील तेव्हा नव्हते, ते बरंच झालं.

त्या वर्षी नदी फुगली. एका दुपारी आमच्या बाजूच्या बांधावर पोलीस आले, मागोमाग माती उकरायचं मशीन आलं. गावाला कुणी काही सांगितलं नाही. मी शाळेच्या गच्चीवरून बघत होते. मशीननं दोन-चार फटके मारले आणि पुढचं काम पाण्यानं केलं. खमीसोची बायको सोनाई तापानं खाटेवर पडली होती. खमीसो शेतातून धावत आला तोवर घर बसलं होतं. ती दुसऱ्या दिवशी बाभळीत अडकलेली सापडली.

मी इनायतला फोन लावला.

"बांध आपोआप फुटला, अदी."

"मशीन काय आपोआप चालत आलं?"

"पलीकडचं शहर वाचवायचं होतं."

"पलीकडे शहर कुठंय? पलीकडे तुझे आंबे आहेत."

मग म्हणाला, "तंबू येतायत. तुझ्यासाठी चांगला बघून ठेवायला सांगतो."

तंबूंवर त्याचा फोटो छापलेला होता, पिठाच्या पिशव्यांवरही. आठवड्याभरानं तो सडकेवरच्या छावणीत खमीसोकडे मातमाला आला. खांद्यावर अजरकची कोरी शाल, मागे कॅमेरेवाले. चटईवर बसून त्यानं दुव्यासाठी हात उचलले. खमीसोनं हात मांडीवरच ठेवले.

"खमीसो, वहिनीसाठी दुवा मागतोय."

"माग की. मी सकाळीच मागितलीय."

इनायतनं डोळे मिटून ओठ हलवले, तोंडावरून हात फिरवला आणि उठला. पेपरात फक्त त्याचे उचललेले हात आले.

मला वाटलं, आता हा गावात पाय ठेवू शकणार नाही. निवडणूक आली, इनायत आणखी एका पक्षात गेला, आणि पहिल्याच सभेत खमीसो त्याच्या शेजारी खुर्चीवर बसलेला दिसला. खमीसोच्या पोराला पाटबंधारे खात्यात शिपायाची नोकरी लागली होती. मी खमीसोला वाटेत गाठलं.

"तुला लाज नाही वाटली?"

"वाटली ना. पण मत देऊ कुणाला, अदी? समोर साखर कारखानेवाला. बांध लवकर फोडला नाही म्हणून तो तुझ्या भावावर खवळला होता. तोवर त्याचा पलीकडचा ऊस बुडाला ना."



निवडून आल्यावर इनायत माझ्याकडे जेवायला आला. पल्ला मासा केला होता. काटे काढता काढता म्हणाला, "असेंब्लीत बायकांच्या राखीव जागेवर पक्षातर्फे तुझं नाव देतो, निवडणूक लढवावी लागत नाही. बोलायचं काही नाही, सांगितलं की हात वर करायचा."

"या हातानं तुझं ढुंगण धुतलंय. त्याहून घाण काम नको सांगूस."

तो मनापासून हसला. "रागावलीस की अगदी आईसारखी दिसतेस," म्हणाला. त्याला आई आठवतसुद्धा नाही. मग त्यानं उरलेला मासा संपवला, बोटं चाटली आणि निघताना माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही, दुसऱ्या हातानं तो फोन कानाला लावून कुणाला तरी शिव्या देत होता.

ती जागा त्याच्या मेहुणीला मिळाली. तो स्वतः आता पुनर्वसनमंत्री आहे आणि आमचं निम्मं गाव अजून तंबूत आहे. ईदला त्याची गाडी मिठाई घेऊन येते. मी दार उघडत नाही. ड्रायव्हर बिचारा थोडा वेळ हॉर्न वाजवतो आणि ती मिठाई छावणीत वाटून जातो. लोक खातात.